जावा-येझदीचा क्रँक घरी बांधताना

जुन्या जावाच्या इंजिनातून आवाज येऊ लागला की पहिला संशय पिस्टनवर घेतला जातो. बोअर होते (सिलिंडर खरवडून मोठा केला जातो), ओव्हरसाईज पिस्टन पडतो, आणि महिनाभरात तोच आवाज परत येतो, कारण दुखणे खाली क्रँकमध्ये (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या भागात) असते. हा लेख त्या खालच्या कामासाठी आहे. समोर धरलेली गाडी म्हणजे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली एक सिलिंडरची २५० सीसी टू-स्ट्रोक. तिथे १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या निघाल्या, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे आज हातात येणारा प्रत्येक क्रँक किमान पंचवीस-तीस वर्षांचा आहे, आणि बहुतेक क्रँक आधी कोणीतरी एकदा तरी खोललेले असतात. येझदी ३५० ट्विनचा क्रँक इथे धरलेला नाही. तो पहिल्या कामासाठी घेऊ नका.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. क्रँक एकसंध नाही. दोन फ्लायव्हील (जड चाके, प्रत्येकाच्या बाहेरच्या अंगाला एक शाफ्ट), त्यांना जोडणारी एक क्रँक पिन, पिनवर बेअरिंग आणि बेअरिंगवर कनेक्टिंग रॉड, एवढाच त्याचा संसार. पिन दोन्ही चाकांत निव्वळ प्रेस करून बसवलेली असते. तिला ना नट, ना चावी. पिनेची जाडी भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी जास्त असते, आणि तेवढ्या घट्टपणावर सगळे इंजिन चालते. म्हणून या कामात ताकदीपेक्षा मोजमाप मोठे. प्रेस मारायला पाच मिनिटे लागतात, मोजायला आणि सेंटर करायला (दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणायला) आख्खा दिवस जातो. तो दिवस द्यायची तयारी असेल तरच इंजिन उतरवा.

आधी आवाज ओळखू

पिस्टनचा आवाज पातळ, टकटक असा. थंड इंजिनात जास्त, गरम झाल्यावर कमी. बिग एंडचा (रॉडच्या क्रँक पिनेवरच्या मोठ्या टोकाचा) आवाज खोल आणि जड असतो. चढावर किंवा ॲक्सिलरेटर एकदम पिळल्यावर ‘ठक-ठक’ असा येतो आणि इंजिन गरम झाल्यावर वाढतो. मेन बेअरिंगची (ज्यांत क्रँकचे शाफ्ट फिरतात त्यांची) घरघर सलग असते, आरपीएमबरोबर चढत जाते आणि फूटरेस्टवर पायाला जाणवते.

सीलचे (शाफ्टभोवतीच्या रबरी कडीचे) दुखणे आवाजात कळत नाही, धुरात कळते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस (क्रँकचे बंद घर) हा पंप असतो: पिस्टन वर जाताना तो मिश्रण ओढतो, खाली येताना ते सिलिंडरमध्ये ढकलतो. क्लचच्या बाजूचे सील गेले की तो गिअर ऑइलही ओढू लागतो. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी मात्र कोणतीही गळती न दिसता उतरते. डायनमोच्या, म्हणजे उजव्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जाम होतो. पिस्टन दोनदा जाम झालेली गाडी समोर आली तर आधी उजवे सील पाहा, जेटिंगला (कार्ब्युरेटरच्या जेटना) नंतर हात घाला.

हत्यारे

पाने, सर्क्लिप प्लायर, पुलर हे तर लागेलच. शिवाय ०.०१ मिमीचा डायल गेज आणि त्याचा मॅग्नेटिक स्टँड, ० ते २५ आणि २५ ते ५० मिमीचे मायक्रोमीटर, वर्नियर, फिलर गेज, एक खरी सरळ पट्टी आणि तांब्याचा किंवा पितळेचा एक-दीड किलोचा हातोडा. डायल गेज स्वस्तातला चालेल, पण काटा प्रत्येक वेळी त्याच आकड्यावर परत यायला हवा. दुकानातच काचेवर टेकवून दहा वेळा उचलून पाहा.

सेंटरिंगचा स्टँड घरी होतो. जाड सी-चॅनलचा दोनेक फूट तुकडा आणि त्यावर समोरासमोर दोन डेड सेंटर (न फिरणारी टोकदार टोके), एक पक्का आणि एक सरकता. लेथवाल्याकडून दोन्ही सेंटर एका रेषेत बसवून घ्या.

२० टनी हायड्रॉलिक प्रेस घरी असेलच असे नाही, आणि केवळ एका क्रँकसाठी ती विकत घेऊ नये. पुण्यात भोसरी, नाशकात सातपूर-अंबड, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, अशा ठिकाणी प्रेस आणि बोअरिंग दोन्ही मिळते. प्रेस दुसऱ्याची वापरा, पण क्रँकसोबत स्वतः जा आणि आपली मापे लिहिलेली वही बरोबर न्या. क्रँक दुकानात सोडून ‘संध्याकाळी घेऊन जातो’ म्हणालात, तर पुढच्या अर्ध्या लेखाचा काही उपयोग नाही.

इंजिन खोलणे

गिअर ऑइल काढा, इंजिन बाहेरून रॉकेलने घासून धुवा, मगच उतरवा. हेड, सिलिंडर, पिस्टन काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबून ठेवा. गजन पिनेची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेची) सर्क्लिप उडून आत पडणे हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

डावीकडे क्लच, प्रायमरी चेन आणि इंजिन स्प्रॉकेट एकत्रच निघतात, कारण चेनला उघडणारी कडी नसते. उजवीकडे डायनमोचा आर्मेचर क्रँकच्या टेपरवर बसलेला असतो. तो एक्स्ट्रॅक्टर बोल्टनेच काढा. बोल्ट आणि क्रँकच्या टोकाच्या मध्ये पितळी तुकडा ठेवा. क्रँकच्या दोन्ही टोकांना कारखान्यात मारलेले सेंटरचे बारीक भोक असते. पुढे सगळी मापे त्याच भोकांच्या आधाराने घ्यायची आहेत, तेव्हा त्याच्या काठाला मार लागू देऊ नका. आधीच्या कोणी टोकावर हातोडा चालवला असेल तर ते भोक लेथवर साफ करून घ्यावे लागेल.

क्रँककेस उभा दुभंगतो आणि गिअरबॉक्सही त्याच्याच पोटात असतो. गिअरच्या शाफ्टवरचे पातळ वॉशर केसला चिकटून येतात आणि नंतर टेबलाखाली सापडतात. प्रत्येक शाफ्ट निघतानाच त्याचा फोटो घ्या आणि वॉशर तारेत ओवून ठेवा. दोन अर्धे वेगळे करताना फटीत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. ॲल्युमिनियमच्या त्या पृष्ठभागावर पडलेला ओरखडा म्हणजे कायमची गळती.

प्रेसला जाण्याआधी

सगळ्यात महत्त्वाचे काम हे. क्रँक धुऊन कोरडा करा. रॉड सरळ वर धरा, चाके स्थिर ठेवा आणि रॉड वर-खाली ओढा. तेल नसताना हाताला किंचितही ‘टक’ जाणवली तर बिग एंड संपला. रॉड आजूबाजूला झुलतो तो दोष नाही, तेवढी मोकळीक असावीच लागते. बिग एंडच्या बाजूची फट फिलर गेजने मोजून लिहून ठेवा, साधारण ०.२५ ते ०.५ मिमीच्या दरम्यान येते.

मग दोन्ही चाकांच्या बाहेरच्या अंगापासून अंगापर्यंतची रुंदी मायक्रोमीटरने किंवा चांगल्या वर्नियरने चार ठिकाणी मोजा: पिनेजवळ, पिनेच्या समोर आणि दोन्ही बगलांना. चारही आकडे सारखे असतील तर जुना क्रँक सरळ होता आणि हेच तुमचे लक्ष्य. आकडे वेगळे असतील तर कोणीतरी आधी चुकीचा दाबला आहे. त्यानंतर सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांवर आडवी ठेवून पिनेपासून काटकोनात, दोन्ही बाजूंना, टोकदार सुईने एकेक बारीक रेघ ओढा. परत जुळवताना या रेघा जवळपास नेऊन सोडतात. शेवटचा निकाल मात्र गेजचाच.

क्रँक सेंटरमध्ये किती आहे तेही आत्ताच, खोलण्याआधी, पाहून लिहून ठेवा (पद्धत पुढे ‘सेंटरिंग’मध्ये).

नवे किट घेताना डोळे उघडे ठेवा. किटमध्ये कनेक्टिंग रॉड, क्रँक पिन, बेअरिंग आणि बाजूचे वॉशर येतात. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुना पण न वापरलेला रॉड कधी कधी मिळतो, आणि तो आजच्या कित्येक नकली किटपेक्षा उत्तम निघतो. पण मायक्रोमीटर खिशात घेऊनच जा. पिन तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा. पिनेच्या पृष्ठभागावर नख फिरवल्यावर काहीही लागता कामा नये. बेअरिंग आणि ऑइल सीलचे नंबर जुन्या मालावरून वाचून घ्या, आठवणीवर किंवा दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. मेन बेअरिंग सी३ क्लिअरन्सची घ्या. क्रँक आणि केस गरम झाल्यावर साध्या क्लिअरन्सची बेअरिंग आवळली जातात.

प्रेस

खोलताना एकेक चाक काढायचे. वरच्या चाकाखाली दोन जाड पट्ट्या पिनेच्या जितक्या जवळ जातील तितक्या सरकवा, म्हणजे दाब थेट पिनेवर येईल आणि चाक वाकणार नाही. वरून पिनेपेक्षा थोड्या बारीक व्यासाचा, कडक केलेला गोल तुकडा ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो आणि खालचे चाक पडू शकते, म्हणून खाली लाकडी ठोकळा ठेवा. चाकाला गॅस टॉर्च लावू देऊ नका.

पिन निघाली की भोके बोअर गेजने मोजा. पिन भोकापेक्षा साधारण ०.०५ ते ०.०८ मिमी जाड असायला हवी. फरक त्यापेक्षा कमी भरला तर भोक मोठे झाले आहे. अशा वेळी दुकानात दोन उपाय सुचवले जातील: भोकाभोवती पंच मारून धातू आत ढकलणे, किंवा पिनेच्या टोकांना वेल्डिंगचे टाके घालणे. दोन्हींना स्पष्ट नाही म्हणा. पंच मारलेली पिन फक्त काठावर धरली जाते आणि काही महिन्यांत फिरते. वेल्डिंगच्या उष्णतेने कडक पिनेला तडे जातात, आणि तो क्रँक पुन्हा कधी नीट खोलता येत नाही. योग्य मार्ग म्हणजे ग्राइंडिंगवाल्याकडून भोकाच्या मापाने जाड टोकांची पिन करून घेणे, नाहीतर दुसरी चांगली चाके शोधणे.

बसवताना पिन आधी एका चाकात घाला. पहिले दोन-तीन मिलिमीटर गेल्यावर थांबा आणि गुण्याने पाहा, पिन चाकाला काटकोनात आहे ना. तिरकी सुरू झालेली पिन भोक खरवडत जाते, आणि ते नुकसान भरून निघत नाही. ती पूर्ण बसली की वॉशर, बेअरिंग, रॉड टू-टी ऑइलमध्ये भिजवून ठेवा. रॉडला पुढची-मागची बाजू असेल तर जुन्या फोटोवरून जुळवा.

आता दुसरे चाक. रेघा जुळवा, थोडे दाबा, प्रेस सोडा, सरळ पट्टी दोन्ही बगलांना टेकवून उजेडाकडे धरा. पट्टी आणि कडेच्या मध्ये उजेड दिसला तर या टप्प्यावर हातोड्याच्या हलक्या ठोक्याने चाक फिरते. पूर्ण बसल्यावर तेच काम दहापट जड जाते. निम्म्यापर्यंत दोन-तीनदा हे करा. शेवटी रुंदी वहीतल्या आकड्याशी जुळेपर्यंत आणि बाजूची फट फिलर गेजने बरोबर लागेपर्यंत थोडे थोडे दाबा. जास्त दाबलेले परत उघडायचे म्हणजे नव्या पिनेची पकड वाया घालवणे.

सेंटरिंग

क्रँक स्टँडवर दोन सेंटरमध्ये धरा. दाब इतकाच, की क्रँक हाताने मोकळा फिरेल पण सेंटरमध्ये हलणार नाही. प्रत्येक शाफ्टवर, चाकाच्या अगदी जवळ, बेअरिंगच्या जागेवर एकेक डायल गेज लावा. एकच गेज असेल तर आलटून पालटून घ्या, पण मग पिनेची जागा १२ वाजता धरून प्रत्येक आकडा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहा. क्रँक सावकाश फिरवा आणि काटा सगळ्यात वर कुठे जातो ते दोन्ही बाजूंना पाहून चाकावर खडूने खूण करा.

दोनच प्रकारचे दोष असतात, बाकी सगळी त्यांची मिसळ.

पहिला दोष असा: डावा शाफ्ट एका बगलेला वर जातो आणि उजवा शाफ्ट बरोबर समोरच्या बगलेला, दोन्ही पिनेपासून काटकोनात. म्हणजे चाके पिनेभोवती एकमेकांवर कात्रीसारखी सरकली आहेत. क्रँक स्टँडवरून उतरवा. ज्या चाकाचा शाफ्ट जिथे वर जात होता तिथे खडूने खूण केलेली असेलच. क्रँक हातात लोंबता धरून किंवा दुसरे चाक लाकडावर टेकवून, त्या खुणेवर चाकाच्या कडेला तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका द्या. एकच. परत स्टँडवर, परत गेज. किती जोराने मारले म्हणजे काटा किती हलतो, हे तीन-चार ठोक्यांत तुमच्या हाताला कळू लागते. स्टँडवर असताना कधीही ठोकू नका, सेंटर आणि त्याची भोके दोन्ही खराब होतात. आणि शाफ्टवर तर मुळीच नाही.

दुसरा दोष: दोन्ही शाफ्ट एकाच वेळी वर जातात, पिनेच्या बाजूला किंवा तिच्या बरोबर समोर. म्हणजे चाके समांतर नाहीत. दोन्ही काटे पिनेच्या समोरच्या बाजूला वर जात असतील तर चाके तिथे फाकली आहेत. क्रँक मोठ्या बाकात (व्हाइसमध्ये), तांब्याच्या पट्ट्या लावून, पिनेच्या समोरच्या बाजूने आवळा. दोन्ही काटे पिनेच्या बाजूला वर जात असतील तर चाके समोर जवळ आली आहेत. तिथे दोन चाकांच्या फटीत पितळी पाचर घालून हलकेच ठोका. दुजोरा हवा असेल तर फट वर्नियरने पिनेजवळ आणि समोर मोजा, आकडे तीच गोष्ट सांगतील.

मिसळ असेल तर आधी कात्री सोडवा, मग समांतर करा. समांतर करताना कात्री थोडी परत येते, ती पुन्हा काढा.

कुठे थांबायचे? काट्याची पूर्ण फिरकी दोन्ही बाजूंना ०.०३ मिमीच्या आत आणा. दुकानात ‘तीस मायक्रॉन’ म्हणतात ते हेच. ०.०५ वर गाडी चालते, पण वरच्या वेगात हँडल मुंग्या आणते आणि मेन बेअरिंग लवकर जातात. पहिल्या वेळी ०.०३ गाठायला दुपार गेली तरी हरकत नाही. ०.०१ ही जमते, पण त्यासाठी ठोकत बसलात तर पिनेची पकड सैल होण्याचा धोका वाढतो. आणि एक खूण लक्षात ठेवा: काटा हलका ठोका दिल्यावरही भराभर सरकत असेल तर पिन सैल आहे. सेंटर करणे थांबवा आणि भोकाच्या मापाकडे परत जा.

रॉडच्या लहान, पिस्टनकडच्या टोकाचे बुश यानंतर. नवे बुश दाबताना तेलाची भोके रॉडच्या भोकांशी जुळवा आणि रीमर हाताने, थोडे थोडे फिरवा. तेल लावलेली गजन पिन अंगठ्याच्या दाबाने सरकायला हवी आणि हलवल्यावर डुगडुगता कामा नये.

इंजिन बांधणे

केसचे अर्धे आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पेट्रोलने धुतलेला केस गरम करायला घेऊ नका. ओव्हनमध्ये किंवा हॉट प्लेटवर १०० ते १२० अंशांपर्यंत सगळीकडून सारखा तापवा. पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला की तापला. बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. केस तापलेला आणि बेअरिंग गार असली की ती आपल्या वजनाने खाली बसते, हातोड्याची गरज पडत नाही. सील मात्र केस गार झाल्यावरच घाला. काढतानाच त्यांची दिशा टिपून ठेवलेली हवी. नव्या सीलच्या ओठाला थोडे ग्रीस लावा.

क्रँक बेअरिंगमध्ये ठोकून घातला तर दिवसभराचे सेंटरिंग एका क्षणात जाते, कारण त्या ठोक्याने चाके पिनेवर मिटतात. बेअरिंगची आतली कडी तापवा, किंवा क्रँक नट आणि स्लीव्हने ओढून घ्या, आणि ओढताना चाकांच्या फटीत, पिनेच्या समोर, नेमक्या जाडीची पट्टी ठेवा. केस मिटवून बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने आवळल्यावर क्रँक बोटाने फिरला पाहिजे. अडत असेल तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना, सेंटरच्या भोकावर लाकडी ठोकळा धरून, नरम मॅलेटने एकेक हलका टोला द्या. बेअरिंग आपल्या जागी बसतात आणि क्रँक मोकळा होतो. तरीही अडला तर केस परत उघडा.

आर्मेचर आणि प्रायमरी चेन चढवण्याआधी गळती तपासा. यासाठी रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि गेज यापेक्षा चांगले साधन घरात सापडणार नाही. सिलिंडर-हेड बसवा, पिस्टन खाली आणा, दोन्ही एक्झॉस्टची तोंडे आणि कार्ब्युरेटरची जागा ट्यूबचा रबर आणि पट्टी लावून बंद करा. एका पट्टीत ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून त्यातून हवा भरा. काटा २५० वर नेऊन थांबा. पाच मिनिटांत तो वीस-तीस उतरला तर चालेल. भरभर उतरला तर सीलभोवती, केसच्या जोडावर आणि सिलिंडरच्या बुडाशी साबणाचे पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. इंजिन फ्रेममध्ये गेल्यावर हीच गळती शोधायला आठवडे जातात.

आर्मेचर काढला-घातला म्हणजे पॉइंट आणि टायमिंग नव्याने लावायचे, गाडीच्या पुस्तकातल्या मापाने.

पहिले ५०० किलोमीटर एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल घाला. पहिल्यांदा चालू केल्यावर दोन मिनिटांनी बंद करून पूर्ण गार होऊ द्या, असे तीन-चारदा करा, आणि प्रत्येक वेळी हेड व सिलिंडरचे नट तपासा. रस्त्यावर ५० च्या वर नेऊ नका, पण एकाच वेगात रेंगाळूही नका. मोठ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर चढ ओढायला लावणे नव्या बिग एंडला सगळ्यात वाईट, चढ दिसला की वेळेवर गिअर खाली आणा. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी सोडू नका. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळते, आणि थ्रॉटल बंद म्हणजे बेअरिंगला तेलही जवळजवळ बंद. मधूनमधून थोडी मूठ पिळत राहा. ५०० किलोमीटरनंतर गिअर ऑइल बदला आणि जुने ऑइल पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात पाहा. बारीक करडी चमक पहिल्या वेळी असतेच. नखाला लागतील असे तुकडे दिसले तर गाडी चालवणे थांबवून प्रायमरीचे झाकण उघडा.